कबुलीच्या खोलीतला हीटर

आमच्या वर्गात देवाबद्दल माझ्याइतकं ठणकावून कोणी बोलत नाही! विद्यापीठाआधीच्या कॉलेजच्या दोन वर्षांसाठी मी धर्मशास्त्र घेतलं, तेव्हा आईनं विचारलं, "इमेल्डा, झेपेल का गं तुला?"

"आई, देवाला पाहिलंय कुणी? मग माझं उत्तर चूक कोण ठरवणार!"

आणि खरंच, सराव परीक्षेत धर्मशास्त्राच्या फेअरक्लफ सरांनी मला 'बी' श्रेणी दिली. डरहॅमच्या विद्यापीठाला प्रवेशासाठी तेवढीच हवी होती. सोमवारी सर ती तिकडे कळवणार, की मी सुटले!

शुक्रवारी मात्र थंडीनं कहर केला. वाचनालयात दात वाजायला लागले, म्हणून मी कॉलेजच्या चॅपेलमध्ये, म्हणजे आवारातल्या छोट्या चर्चमध्ये, घुसले. तिथे पापांची कबुली द्यायची लाकडी खोली आहे, मधोमध जाळी. फादर गिलहूली बसतात त्या बाजूला गादीची खुर्ची आणि चिमुकला हीटर! फादर अंत्यविधीला गेलेले. मी आत बसले, बटण दाबलं, पुस्तक उघडलं. स्वर्गच!

त्याच बटणावर बाहेरचा हिरवा दिवाही लागतो, हे मला कुठे ठाऊक? हिरवा दिवा म्हणजे 'फादर आत आहेत, या!'

जाळीपलीकडे कुणीतरी गुडघे टेकले. "आशीर्वाद द्या, फादर. माझ्या हातून पाप घडलंय."

फेअरक्लफ सर!

पाद्री नसताना कबुली ऐकायचं सोंग करणाऱ्याला चर्चची दारं बंद होतात, आणि तीही त्याच क्षणी, हे गेल्याच आठवड्यात सरांनीच शिकवलं होतं! पळावं तर सर समोर. बोलावं तर नरक.

"फादर? ऐकताय ना?"

मी खोकले. खोकल्याला बंदी आहे असं काही सरांनी शिकवलं नव्हतं.

"घसा बसलाय वाटतं. फादर, मी सराव परीक्षेचे पेपर वाचलेच नाहीत हो! पोरांचे चेहरे आठवले आणि श्रेण्या दिल्या."

मी गार पडले, तेही हीटरसमोर! म्हणजे माझी 'बी' चेहऱ्यावर मिळालेली?

"आता मला क्षमा द्या, फादर."

क्षमा! ती दिली तर माझी खैर नव्हती. न द्यावी तर सर हलणार नाहीत. शेवटी गिलहूलींसारखा घोगरा आवाज काढला.

"बाळा," मी म्हणाले. सर पन्नाशीचे आहेत! "क्षमा नंतर. आधी सगळे पेपर वाच. एकूण एक!"

"सगळे?"

"सगळे!" केवढी मी धर्मनिष्ठ!

सर उठले आणि समोरच्याच बाकावर प्रार्थनेला बसले. हीटर बंद करावा तर दिवा विझणार, आणि 'फादर, बरे आहात ना?' म्हणून सर दार उघडणार! मी पावासारखी भाजत बसले. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा कुठे ते गेले, आणि मी धूम ठोकली.

शनिवार-रविवार माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सरांनी आवाज ओळखला असेल तर? फादरना विचारलं असेल तर? देवानं पाहिलं असेल तर? त्या दोन रात्री मी देवावर पूर्ण विश्वास ठेवला.

सोमवारी सर प्रसन्न चेहऱ्यानं वर्गात आले. ओळखलं नव्हतं! मला रडूच यायचं बाकी होतं.

"मुलांनो, मी सगळे पेपर नव्यानं वाचलेत. काहींच्या श्रेण्या बदलल्या आहेत. इमेल्डा, तुझी 'ई'."

"सर! घाईघाईत वाचला असेल तुम्ही!"

"छे गं," सर मायेनं म्हणाले, "तुझा तर दोनदा वाचला. पहिल्यांदा मला खरंच वाटेना!"