लांब पंगतीचं आमंत्रण

खोटं पत्र लिहावं तर ते डेल्फिनाबाईंनीच. असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि त्या मताला विरोध करणारं शाळेत कोणी नव्हतं, कारण स्पॅनिश शिकवणारं दुसरं माणूसच शाळेत नव्हतं.

खोटं पत्र म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वाईट चालीच्या आहेत. बारावीच्या ॲडव्हान्स्ड स्पॅनिशच्या परीक्षेत एक पत्र येतं. कुठल्यातरी संस्थेनं पाठवलेलं, म्हणजे पेपर काढणाऱ्यानं मनानं रचलेलं. त्यात दोन प्रश्न असतात आणि पोरांनी पंधरा मिनिटांत अगदी अदबीनं उत्तर लिहायचं असतं. संस्था कोणती? कधी माद्रिदचं संग्रहालय, कधी ब्वेनोस आयरेसची नाटक मंडळी. आता न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, रिओ मान्सोच्या खोऱ्यात वाढलेल्या पोरांना त्या संग्रहालयाचं काय घेणंदेणं? सात पोरं वर्गात, आणि सातही उत्तरं अशी यायची की वाचताना बाईंना जांभई यायची.

त्यात घोडामैदान जवळ आलेलं. मुख्याध्यापक हॅल्व्हर्सन यांनी सोमवारी सकाळीच बाईंना बोलावून घेतलं. गृहस्थ मिनेसोटाचे, स्वभावानं गरीब, पण नियमाला पक्के.

"बाई, पुढच्या वर्षीच्या तुमच्या वर्गासाठी बारा फॉर्म हवेत. पालकाच्या सहीसकट. शुक्रवारी तीन वाजेपर्यंत."

"माझ्याकडे चार आहेत."

"मग आठ कमी आहेत," हॅल्व्हर्सन म्हणाले. गणित त्यांचं चांगलं होतं. "बारा झाले नाहीत तर त्या तासाला आपण गाड्या दुरुस्तीचा वर्ग ठेवू. त्याला चाळीस मुलं आहेत."

बाई वर्गात परतल्या. नोकरी गेली असती तर अल्बुकर्कीत दुसरी मिळाली असती, त्याचं एवढं नव्हतं. पण या खोऱ्यात चारशे वर्षं लोक स्पॅनिशमध्ये भांडले, रडले, लग्नं जमवली. आता आजी स्पॅनिशमध्ये ओरडते आणि नातू इंग्रजीत उलट उत्तर देतो. हा वर्ग बंद झाला की आजी ओरडायच्या थांबल्यावर पुढे काय?

म्हणून त्यांनी सोमवारी दुपारी असं पत्र रचलं की पोरांनी खडबडून जागं व्हावं. 'अत्यंत आदरणीय कुटुंबास, सविनय नमस्कार. आमच्या लांब पंगतीच्या मंडळानं खोऱ्यातल्या सर्व घराण्यांना एकत्र जेवायला आणि जुनी भाषा ऐकायला बोलावण्याचं योजलं आहे. आपल्या घरून कोणता पदार्थ येईल? आणि आपल्यापैकी कोण, कशाविषयी बोलेल? आपल्या उत्तराची आतुरतेनं वाट पाहत आहोत.' पत्र जिवंत वाटावं म्हणून बाईंनी खरी तारीख घातली, येता शुक्रवार, सकाळी दहा. खरी जागा घातली, शाळेचं जेवणघर. वर 'सराव क्रमांक चार' असं छापायचं असतं. ते त्यांनी मुद्दाम गाळलं, कारण कलेला असल्या पाट्या शोभत नाहीत!

आता पुढचं बाईंना ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला कळायला हरकत नाही.

वर्गातल्या केली ट्रुहियोनं तो कागद गृहपाठ म्हणून घरी नेला आणि आजीच्या पुढ्यात टाकला. केलीचा अभ्यासाचा हाच शिरस्ता होता.

"आजी, याचं उत्तर कसं लिहायचं, सांग ना."

एर्लिंदाआजींनी चष्मा लावला. उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला खुर्चीत बसल्या.

"हे कोणाकडून आलंय?"

"शाळेकडून," केली म्हणाली. मोबाइलवरून नजर न काढता ती बोलली होती ते खरंच होतं.

"शाळेनं आपल्याला स्पॅनिशमध्ये लिहिलं?"

"हो गं. लिही ना पटकन."

त्या खोऱ्यात स्पॅनिशमधलं लेखी बोलावणं म्हणजे चेष्टा नव्हे. लग्नाचं येतं, मयताचं येतं, गावदेवाच्या सणाचं येतं. आलं की उत्तर द्यायचं, आणि जाताना हात हलवत जायचं नाही. एर्लिंदाआजींनी कपाटातला चांगला कागद काढला आणि तासभर खपून उत्तर लिहिलं. केलीनं ते आपल्या वहीत जसंच्या तसं उतरवलं. मग आजींनी फोन उचलला.

तिकडे उरलेल्या सहा घरांतही वहीत तेच चाललं होतं आणि फोनवरही तेच.

मंगळवारी बाई उत्तरं तपासायला बसल्या आणि पहिल्याच वहीला त्यांचा चहा निवला. केलीनं लिहिलं होतं, 'आमच्याकडून पोसोले येईल, आदल्या दिवशी मका भिजवून केलेलं, डब्यातलं नव्हे. बोलायला मी स्वतः उभी राहीन, कारण माझी आई जशी बोलायची तसं बोलणारी आता मीच उरले आहे.' केलीची आई दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि सकाळीच तिनं बाईंना रस्त्यात हात केला होता. बाईंनी डोळे पुसले आणि समासात लिहिलं, 'कल्पनाशक्ती थक्क करणारी! पाचपैकी पाच.'

मग अमादेओची वही. 'छप्पन सालच्या दुष्काळात पाटाचं पाणी घराघरांत कसं वाटून घेतलं ते मी सांगेन. तेव्हा मी वडिलांबरोबर पाटावर राखणीला असायचो.' अमादेओ सतरा वर्षांचा होता. पोरगा भूमिकेत किती खोल शिरलाय, असं म्हणून बाई खुर्चीतून उठल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सातही उत्तरं अशीच. आपण एवढं शिकवलं? कधी? त्यांना स्वतःचंच भय वाटायला लागलं.

वह्या घेऊन त्या तडक हॅल्व्हर्सनांकडे गेल्या. त्यांना स्पॅनिशमध्ये 'नमस्कार' आणि 'तिखट कमी' एवढंच येत होतं, पण बाईंचा चेहरा त्यांना वाचता आला. त्यांनी जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी डॉक्टर प्रूइट यांना फोन लावला.

"शुक्रवारी दहाला त्या येताहेत," फोन ठेवून ते म्हणाले. "मुलांना त्यांच्यासमोर बोलू द्या. त्यांचं मत अनुकूल पडलं तर बाराचा आकडा थोडा इकडेतिकडे करता येईल."

बाईंनी वर्गात ही बातमी सांगितली तेव्हा सातही पोरं भिंतीसारखी पांढरी पडली. बाईंना वाटलं, गुणी मुलं, दडपण आलंय. खरी गोष्ट अशी की तोवर घराघरांत मका निवडून ठेवला होता. पंगत खोटी आहे हे आजीला सांगावं तर मग उत्तर का लिहून घेतलंस, हा प्रश्न येणार. बाईंना सांगावं तर पाचपैकी पाच जाणार. सातही जणांनी स्वच्छतागृहाबाहेर बैठक घेतली आणि मूग गिळून बसायचं एकमतानं ठरवलं.

शुक्रवारी पावणेदहाला वर्गातला फोन वाजला. फाटकावरची बर्नाडेट होती.

"बाई, तुमची माणसं आलीत."

"डॉक्टर प्रूइट?"

"त्याही आल्यात. रांगेत अठ्ठाविसाव्या आहेत."

"कसली रांग?"

"पाहुण्यांच्या छापील चिठ्ठ्या संपल्या, आता मी हातानं लिहितेय. माझी सासूही आहे. तिच्याकडे ओळखपत्र मागितलं तर तिनं माझ्या हातात पातेलं दिलं. गरम आहे हो, मी ते ठेवू कुठं?"

बाई जिन्याकडे धावल्या. मागून केली धावली आणि मधल्या पायरीवर तिनं बाईंची बाही धरली.

"मिस, एक सांगायचं होतं. ते उत्तर माझ्या आजीनं लिहिलं होतं."

"तुझ्या आजीनं?"

"फक्त माझ्या नाही. सगळ्यांच्याच आज्यांनी. अमादेओच्या आजोबांनी. आणि ते सगळे जेवायला आलेत."

बाई पायरीवरच बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला खरोखर चांगलं पत्र लिहिता आलं, आणि ते आपल्यालाच भोवलं, एवढं त्यांना कळलं. पण खालून मक्याचा आणि हिरव्या मिरचीच्या रश्शाचा वास वर आला होता, आणि त्या वासापुढे बसून राहणं शक्य नव्हतं.

जेवणघरात साठसत्तर म्हातारी माणसं होती. बायका सणाच्या झग्यांत, पुरुष कोटात. ज्या टेबलांवर पोरं रोज एकमेकांना बटाट्याचे काप फेकून मारतात त्यांच्यावर पांढऱ्या चादरी पसरल्या होत्या. मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालेंचे ढीग, पातेल्यांत बीन्स, बडीशेप घातलेल्या कुकींच्या पराती. कोणी जोरात बोलत नव्हतं. सगळे बोलावणाऱ्याची वाट पाहत होते. हॅल्व्हर्सन एका कोपऱ्यात कोणाचं तरी पातेलं धरून उभे होते, आणि डॉक्टर प्रूइट यांच्या कोटावर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती.

पहिल्या रांगेतून बाईंची आत्या उठली. क्लिओतील्देआत्या, वय एक्क्याऐंशी, जिला गावात पाद्रीसुद्धा वचकून असतो.

"डेल्फिना, बोलावणाऱ्यानं आधी दोन शब्द बोलायचे असतात. पंगत तुझ्या शाळेची. बोल."

बाईंनी विद्यापीठात सहा वर्षं स्पॅनिशचा अभ्यास केला होता. जुन्या काव्यावर त्यांचा प्रबंध होता. त्या पुढे झाल्या, त्यांनी तोंड उघडलं, आणि साठसत्तर जोडी डोळे एकदम आपल्याकडे वळलेले बघून त्यांची दातखीळ बसली.

"या," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "बसा." आणि शेवटी, "जेवा."

आत्यानं डोळे मिटून घेतले.

तेव्हा अमादेओचे आजोबा उठले. युसेबियोआजोबा, वय चौऱ्याऐंशी. कोट जुना होता, पण कडक इस्त्रीचा. त्यांनी खिशातून बाईंच्या पत्राची घडी काढली आणि ते स्पॅनिशमध्ये सावकाश बोलायला लागले.

"मी पाटाच्या पाण्याविषयी बोलणार होतो. ते पुन्हा कधी. ही खोली तेव्हा पहिलीचा वर्ग होती. मी सात वर्षांचा होतो, मला इंग्रजी येत नव्हतं आणि तहान लागली होती. मी आमच्या भाषेत पाणी मागितलं. शिक्षिकेनं फळ्यावर खडूनं गोल काढला आणि त्यात नाक टेकवून मला उभं केलं. घंटा होईपर्यंत. पाणी काही मिळालं नाही. घरी जाऊन मी ठरवलं की माझ्या पोरांशी मी ही भाषा बोलणार नाही. त्यांना तरी तहानलेलं ठेवू नये कोणी." त्यांनी घडी उलगडली. "सोमवारी याच शाळेचं हे पत्र आलं. आमच्या भाषेत. 'अत्यंत आदरणीय' लिहिलंय वर. मी तीनदा वाचलं. मग बायकोच्या मयताला घातलेला कोट काढला, कारण याहून चांगला माझ्याकडे नाही."

डॉक्टर प्रूइट यांनी कुजबुजत विचारलं, "काय म्हणताहेत ते?" हॅल्व्हर्सनांनी बाईंकडे पाहिलं. बाई पदर नसल्यामुळे बाहीनं डोळे पुसत होत्या. शेवटी केलीनंच हळू आवाजात सगळं इंग्रजीत सांगितलं. तिला ते शब्द न् शब्द कळलं होतं, आणि आपल्याला कळतंय याचंच तिला नवल वाटत होतं.

एवढ्यात अमादेओ उठला. सतरा वर्षांत तो आजोबांशी इंग्रजीखेरीज एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं कागदी पेल्यात पाणी भरलं, तो गर्दीतून वाट काढत आजोबांपाशी गेला आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, "आजोबा, पाणी हवंय?"

आजोबांनी पेला घेतला आणि ते उभ्यानंच सगळं पाणी प्यायले. प्रबंधात जे बाईंना तीनशे पानांत सापडलं नव्हतं ते इथं एका पेल्यात आलं होतं.

आता मात्र त्यांना खोटं सहन होईना.

"मला एक कबूल करायचंय," त्या पुढे येऊन म्हणाल्या. "हे पत्र म्हणजे परीक्षेचा सराव होता. लांब पंगतीचं मंडळ असं काही..."

"नाहीच," एर्लिंदाआजी पोसोले वाढता वाढता म्हणाल्या. "पोरी, या खोऱ्यात मंडळ निघेल आणि मला कळणार नाही? केलीला पण विचारलं मी. ती अशी घाबरली की मला सगळं कळलं. पण बोलावणं होतं की नाही? मग आम्ही आलो. वाटी पुढे कर."

बाईंनी वाटी पुढे केली. डॉक्टर प्रूइट यांची तिसरी वाटी चालू होती आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण थांबायचं नाव नव्हतं.

जेवणं झाल्यावर आत्यानं दाराजवळच्या टेबलावरचे कागद उचलले. "हे काय?"

"पुढच्या वर्षीच्या वर्गाचे फॉर्म," बाई म्हणाल्या. "मुलांची नावं लागतात. आणि पालकाची सही."

पुढच्या वीस मिनिटांत जे झालं त्याला खोऱ्यात कोणी जबरदस्ती म्हणत नाही, तिथं घरातलं मोठं माणूसच सगळ्यांच्या वतीनं सही करतं. म्हाताऱ्यांनी रांग लावली. नातू, नाती, भाच्याचा मुलगा, शेजारणीची मुलगी. त्यातल्या एकालाही कोणी विचारलं नाही. ती सगळी त्या घडीला वरच्या मजल्यावर निर्धास्तपणे गणित चुकवत होती.

"आजीची सही चालते का पण?" हॅल्व्हर्सनांनी डॉक्टर प्रूइट यांना हळूच विचारलं.

"इथं पालक कोण, हे तुम्हीच जाऊन त्यांना विचारा," प्रूइट नाक पुसत म्हणाल्या.

हॅल्व्हर्सन विचारायला गेले नाहीत.

तीन वाजता बाई गठ्ठा घेऊन मोजायला बसल्या. आधीचे चार धरून बावीस. त्यांनी पुन्हा मोजले, तर तेवीस निघाले. एक फॉर्म दुसऱ्याला चिकटला होता, त्यावर रश्शाचा डाग होता. विद्यार्थ्याचं नाव, डेल्फिना मायेस्तास. पालकाची सही, क्लिओतील्दे मायेस्तास. खाली शेरा लिहायला जागा असते, तिथं आत्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'लिहिते बरं. बोलायला शिकवा.'

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, फॉर्म पुन्हा गठ्ठ्यात सरकवला आणि तेवीस आकडा लिहून टाकला.