सामंत सरांचं जाड तेल

वापीजवळच्या टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत एखादा म्हातारा तुमच्या बाइकशेजारी उकिडवा बसून बोटावरचं काळं तेल हुंगताना दिसला, तर चोर म्हणून ओरडू नका. ते सामंत सर. मूळचे मालवणकडचे, इथल्या सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. हुंगून झालं की ते बोट तुमच्याच सीटला पुसतात आणि म्हणतात, "मेलं. हे इंजिन मेलं. फक्त तुम्हाला कळवायचं राहिलंय."

माझं इंजिन त्यांनी पहिल्याच भेटीत मारलं. मी धुळ्याहून नरोलीच्या धाग्याच्या कंपनीत आलेलो. साहेबांच्या कारसाठी आणलेल्या तेलातलं उरलेलं फुकट मिळालं, ते मी बाइकमध्ये ओतलं. खानवेलच्या चढावर मूठ पिळली की इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागेवर. सरांना सांगितलं तर कपाळ धरून जिन्याच्या पायरीवर बसले.

"अहो, बाइकचा क्लच तेलातच बुडलेला असतो. कारचं तेल त्याला निसरडं. तो पकडणार कशाला?"

"पण सर, भारीतलं तेल होतं."

"मग चहात घालून प्या!"

लगेच ते तेल काढायला लावलं, बाइकचं आणवलं, स्वतः भरलं. क्लच धरू लागला. मी आभार मानले तर म्हणाले, "काही उपयोग नाही. पुढच्या वेळी पुन्हा हेच कराल."

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे पंचवीसेक वर्षांची पांढरी कार, निळा धूर सोडणारी. झिजलेल्या इंजिनाला जाडच तेल हवं, पातळ तेल ही नव्या गाड्यांची चैन, असं ते वॉचमनलाही ऐकवत. शेजारचे पटेलभाई म्हणायचे, "सर, हवे वेची नाखो ने!"

"विकू कोणाला? भंगारवालासुद्धा विचार करील."

होळीच्या दिवशी सरांना ताप होता, म्हणून तेल बदलायला गाडी गॅरेजमध्ये पाठवली. तिथल्या माणसाने नव्या गाडीचं पातळ तेल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी गाडी चालू केली, तर डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. धुळवडीमुळे दुकानं आणि गॅरेजं बंद. आणि सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, डायलिसिससाठी वापीला न्यायचं होतं.

मी म्हटलं, "सर, भाड्याची गाडी बघतो. दोन पैसे जास्त देऊ."

"एकदा केली होती," सर बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "येताना तिला उलटी झाली. ड्रायव्हरने नुसती काच खाली केली. घर येईपर्यंत ही त्याची माफी मागत होती." मग म्हणाले, "तिच्या किडनीचं माझ्या हातात काही नाही हो. तेल तेवढं होतं. आज तेही चुकलं."

मी बरोबर गेलो. जाताना सरांचं सगळं लक्ष त्या खडखडाटाकडे होतं. डॅशबोर्डवरच्या तेलाच्या लाल दिव्याकडे मी बघत होतो. तो मधूनच लागत होता, मधूनच विझत होता.

परतताना काकू मागच्या सीटवर आडव्या झाल्या. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. गाडीचा आवाज तर सकाळपेक्षा वाढलेला. रस्त्यात रंगलेली पोरंसुद्धा वळून बघत होती.

डोळे न उघडताच काकू म्हणाल्या, "अहो, आज गाडी कशी मऊ चाललीय."

सरांनी आरशात पाहिलं. आता हे इंजिन मेलं म्हणतात की काय, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

"हो," सर म्हणाले. "नवं तेल मानवलंय तिला."

काकूंनी समाधानाने मान हलवली. सरांनी गाडी आणखी हळू केली, इतकी की सायकलवाले आम्हाला मागे टाकून पुढे जाऊ लागले.