पावणेपाचचे बारा

"नेम म्हणजे काय हाताची करामत वाटली? नेम ही स्क्रूची गोष्ट आहे!" असं घड्याळजींनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको ओटा पुसत होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. कुठल्या वाक्यानंतर काय होतं, याचा तिला अंदाज होता.

प्रश्न सासऱ्यांच्या व्हरांड्यातल्या लंबकाच्या घड्याळाचा होता. त्यावर दोन जावयांचा डोळा. थोरले हे घड्याळजी. त्यांनी त्या घड्याळाला सव्वीस वर्षं स्वतःच्या हातानं तेल घातलेलं. त्याचा ठोका ऐकला की त्यांना आपलंच मूल पाढे म्हणतंय असं वाटे. धाकटे दातांचे डॉक्टर. त्यांना ते दवाखान्यात शोभेला हवं होतं. शोभेला! घड्याळजींची झोपच उडाली.

सासऱ्यांनी तोडगा काढला. "रविवारी पाचला दोघंही या. माझ्या छऱ्याच्या बंदुकीनं परसातले पाच डबे पाडायचे. ज्याचा नेम खरा, त्याचं घड्याळ!"

घड्याळजींनी लगेच बंदुकीवर बसवायची बोटभर दुर्बीण आणली आणि साडूंना फोन केला. "तुम्हीही तिच्यातूनच बघा, साडूभाऊ. उगाच अन्याय नको."

"बसवा की," डॉक्टर म्हणाले. "फक्त भूल देऊन बसवा. बंदुकीला दुखायला नको!"

रविवारी चार वाजताच घड्याळजी परसात हजर झाले. पंधरा पावलांवर जुन्या वर्तमानपत्रांनी ठासलेलं खोकं ठेवलं, म्हणजे छरा आतच अडकेल. खोक्यामागे पाण्याचं रिकामं लोखंडी पिंप होतं. "ते हलवायचं का?" बायकोनं विचारलं.

"खोकं चुकलं तर ना!"

खोक्यावर कागद लावला. त्यावर दुसरं काय काढणार? घड्याळाची तबकडी! बारा आकडे, मधोमध ठिपका. बायकोनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचं आणि छरा कुठे लागला ते वाजल्याच्या भाषेत सांगायचं. चार म्हणजे उजवीकडे, जरा खाली. मग घड्याळजी दुर्बिणीचे दोन स्क्रू फिरवून नेम डावीकडे आणि वर घेणार. स्क्रू फिरताना बोटांना बारीक टिक्-टिक् लागे. घड्याळजींना ते यंत्र घरच्यासारखंच वाटलं.

मग त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि एकाग्रतेसाठी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले. घोळ झाला तो इथे.

कारण त्यांच्या पाठीमागे, परसाकडच्या व्हरांड्यात सासरे बसले होते. त्यांना ऐकू कमी येई, आणि भिंतीच्या पार टोकाचं घड्याळ त्यांच्या चष्म्याच्या टप्प्याबाहेर होतं. पाच कधी वाजतात, याची मात्र भयंकर घाई!

पहिला बार. "चार!" बायको ओरडली. घड्याळजींनी स्क्रू फिरवले. टिक्, टिक्.

दुसरा बार. छरा ठिपक्याला खेटून लागला! "अहो, मधोमध! आता हात लावू नका!" बायको म्हणाली, पण नेहमीच्या आवाजात. ते कापसातच विरलं.

तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "किती वाजले गं?"

"साडेचार, बाबा! साडेचार!" हे मात्र तिनं बाबांच्या कानांच्या मापानं सांगितलं. ते कापूस फोडून आत गेलं.

"अजून साडेचारलाच लागतोय?" घड्याळजी पुटपुटले. टिक्, टिक्, टिक्.

तिसरा बार कागदाच्या कोपऱ्याला चाटून गेला. "अहो, बिघडवलंत!" विरलं. "आता किती?" सासरे. "चार पस्तीस!"

घड्याळजी खूश झाले. "पस्तीस! काय बारीक नजर आहे हिची! दुकानात बसवायला हवी होती." टिक्, टिक्, टिक्, टिक्.

चौथ्या बाराला छरा खोक्याशेजारच्या झारीत शिरला आणि तिच्या तोटीतून शीळ घुमली. आता मात्र बायको खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि 'बंदूक खाली ठेवा' म्हणून हात ताठ करून जमिनीकडे दाखवू लागली. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही काटे सरळ खाली.

"साडेसहा?" ते चक्रावले. "बरंच खाली जातंय की!" आणि त्यांनी वरचा स्क्रू चांगले दोन वेढे फिरवला.

"अगं, किती वाजले?"

"पावणेपाच, बाबा! आणि यांना आवरा!"

पाचवा बार. खोक्यावरून गेलेला छरा पिंपावर आदळला. टण्ण! पोलादी छऱ्याला आल्या वाटेनं परतायची वाईट खोड असते. तो घड्याळजींच्या डोक्यावरून सणसणत व्हरांड्यात शिरला आणि काच फोडून थेट तबकडीत घुसला. बरोबर मधोमध!

मग आतून खर्र आवाज आला आणि घड्याळ वाजू लागलं. एक... दोन... घड्याळजींनी कानातले बोळे काढले, तोवर सात झाले होते. ते बारावर थांबलं.

"बारा?" सासरे मुलीवर खेकसले. "आणि मघापासून मला पावणेपाच सांगतेस!"

इतक्यात फाटकातून डॉक्टर आत आले. त्यांनी फुटकी काच पाहिली, साडूंचा चेहरा पाहिला आणि हात जोडले. "मी माघार घेतो. पंधरा पावलांवरचे डबे सगळेच पाडतात हो. बंदूक पुढे धरून मागचं घड्याळ टिपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला!"

"शब्द म्हणजे शब्द," सासरे म्हणाले. "ज्याचा नेम खरा, त्याचं घड्याळ. घेऊन जा, जावईबापू."

घड्याळ आता दुकानात आहे. घड्याळजींनी काच बदलली, छरा काढला, दाते घासले. वेळ सेकंदाला सेकंद अचूक दाखवतं. फक्त रोज संध्याकाळी पावणेपाचला बारा ठोके देतं. हे घड्याळ दुरुस्त कोणी केलं, असं गिऱ्हाईक हटकून विचारतं.

म्हणून साडेचार झाले, की घड्याळजी कानांत कापूस घालून बसतात.