कोरी तलवार

विजेची बिलं वाटणाऱ्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला सगळी गल्ली ‘जनरल’ म्हणायची, ते भिंतीवरच्या तलवारीमुळे. वडिलांनी ती लढाईत गाजवली, असं जनरल येईल त्याला ऐकवत. मेहुण्याला मात्र ते कधीच पटलं नाही.

"भाऊजी, तुमचे वडील फौजेच्या कोठारात बूट मोजायचे. तलवार कसली गाजवतायत?"

"जुन्या हत्यारांचा पारखी बोलावतो. मग तोंड लपवायला जागा शोध."

पारख्याला बोलावलं खरं, पण आदल्या दिवशी जनरलनी पात्यावरून बोट फिरवलं, तर ते फूटपट्टीइतकं बोथट. लढाईतली तलवार बोथट? वडिलांची अब्रूच जायची. ते गुपचूप धारवाल्याकडे जाऊन आले.

"माझी सुरी कधीची बोथट झालीय, तेव्हा नाही पाय उचलले," बायकोनं दारातच पकडलं. "भोपळा चिरायचा तर त्याच्यावर बसावं लागतं मला."

दुसऱ्या दिवशी पारख्यानं भिंगातून पातं निरखलं. मेहुणा शेजारीच ठाण मांडून बसला होता.

"तलवार अस्सल आहे. अधिकाऱ्याची."

जनरलनी मिशीवरून हात फिरवला.

"पण हा शिक्का ज्या कारखान्याचा, तिथून तलवारी बोथटच यायच्या. लढाईवर निघताना धार लावून घ्यायचे. ही धार कालपरवाची आहे, तिच्याखाली जुन्या धारेची खूणही नाही. म्हणजे ही लढाईवर गेलीच नाही, कोरी होती. तशीच ठेवली असती तर चांगली किंमत आली असती. आता निम्मीसुद्धा येणार नाही."

"बूट," मेहुणा गालात हसत म्हणाला.

जनरलचा चेहरा उतरला, पण माघार घेतील तर ते जनरल कसले? "माझ्या वडिलांना धार लागायचीच नाही. नुसती उपसली की समोरचे पळायचे."

"हो, अनवाणी."

आता गंमत बघा. लग्न झाल्यापासून या लढाईला ‘थापा’ म्हणत आलेली बायको ताडकन उठली. "माझ्या सासऱ्यांना मी वाटेल ते म्हणेन. बाहेरच्यांनी म्हणायचं काम नाही. भाऊ असलास तरी तू बाहेरचाच."

पारख्याच्या हातातली तलवार घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. खाडकन आवाज आला. भोपळ्याची दोन सरळ शकलं घेऊन ती बाहेर आली आणि त्यातलं एक तिनं भावाच्या मांडीवर ठेवलं.

"आता म्हणा कोरी," ती पारख्याला म्हणाली.

तलवार पुन्हा भिंतीवर गेली नाही. ती ओट्याशेजारी असते, आणि मेहुणा जेवायला आला की लढाईची गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो.