साहेब खिडकीतून का उतरले

साहेब खिडकीतून उतरले, त्यांची पँट तारेत राहिली आणि याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

बरं, ते सोडा. असं काही घडलेलंच नाही.

घडलं ते एवढंच. आमचं खातं भूकंपाच्या धोक्याचा अंदाज बांधतं. मी तिथे उमेदवारी करत होतो. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेब त्या दुपारी ठरवणार होते. नेमका त्याच दिवशी नवा कंपनमापक आला आणि चाचणीसाठी माझ्याच टेबलाखाली बसवला गेला. इतका नाजूक, की मुंगीला उचकी लागली तरी नोंद करील! म्हटलं, आज अशी चमक दाखवतो की साहेब स्वतः उठून मला खुर्ची देतील!

मी बसलो. पडद्यावरची रेघ थरथरली. मी डोळे पडद्याला लावले. रेघ आणखी थरथरली! मी घाबरलो, तशी ती पिसाळलीच!

"साहेब, धक्क्यांची मालिका! वाढतेय!"

"अरे, भूकंपाची वेळ कुणालाच सांगता येत नाही. आपण फक्त शक्यता सांगतो."

"मग ही शक्यता बघा ना!"

साहेबांनी पडदा बघितला. दार लांब होतं, खिडकी जवळ होती. पुढचं घडलेलं नाही, हे वर सांगितलंच आहे.

सगळं खातं मैदानात! मी आईला फोन करून घराबाहेर काढलं. पण झाडाचं पानही हलेना. साहेबांनी कमरेला धोक्याचा नकाशा गुंडाळला होता; अतिधोक्याचा लाल पट्टा बरोबर मागच्या बाजूला आला होता.

"चला आत," ते दात खात म्हणाले. "बघू तुझी रेघ."

रेघ सरळ होती. अगदी शांत. मी हुश्श करून खुर्चीत बसलो.

रेघ उसळली!

"बाहेर! सगळे बाहेर!" साहेब पुन्हा खिडकीकडे वळले.

तेवढ्यात दारात आई! काखेत मिक्सर, हातात इस्त्री. जे वाचवण्यासारखं वाटलं, ते घेऊन थेट माझ्याकडे आली होती. मला बघताच कडाडली,

"अरे गाढवा, चारचौघांत तरी तो पाय हलवू नकोस! लहानपणापासून सांगतेय!"

माझा उजवा पाय थांबला.

रेघही थांबली.

साहेबांनी रेघेकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि नकाशा घट्ट आवळला. "तुला कायम का करावं, ते लेखी दे."

म्हणून हा अर्ज. सबब, माझ्या उजव्या पायास स्वतंत्र भूकंपप्रवण क्षेत्र म्हणून मान्यता मिळावी आणि त्याच्या अखंड देखरेखीसाठी सदर पायाच्या मालकास सेवेत कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.