अ‍ॅग्नेसबाईंची बातमी

अ‍ॅग्नेसबाईंच्या तोंडून 'नापास' हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. आमची मिशनची शाळा नांदुऱ्याच्या स्टेशनापासून जरा आत, एका खेड्याच्या कडेला होती. तिथे दरवर्षी पोरं नापास होत, आणि चांगली भरघोस होत. गणित माझ्याकडे असल्यामुळे मला त्याची पक्की माहिती होती. पण बाईंच्या लेखी तसं काही घडतच नसे. "त्यानं तिसरी अजून पक्की कराची ठरोली," असं त्या बापाला सांगत. हा निर्णय पोरानं फार विचार करून घेतला असणार, असं बापालाही वाटे.

बाई लहान वर्गाला शिकवत आणि बोर्डिंगातल्या मुलींना सांभाळत. अंगाने लहानखुऱ्या, पण आवाज असा की देवळाच्या घंटेला विसावा मिळावा. मुलींच्या वेण्या त्या इतक्या घट्ट घालत, की रविवारच्या मिसाच्या प्रार्थनेला साऱ्या पोरी भुवया वर चढवून, काहीतरी अचाट पाहिल्यासारख्या बसलेल्या असत. बाईंना त्यात भक्ती दिसे.

त्यांना खरा नाद मात्र बातमीचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि नागपूरहून हुकूम येत, की शाळांनी वर्षाचा अहवाल द्यावा. तो अहवाल फादर लिहीत आणि पाठवून देत. बाईंचा अहवाल वेगळा होता. एप्रिलात सुटी लागायच्या दिवशी मुलांना न्यायला गावोगावच्या बैलगाड्या आवारात येत. आईबाप निंबाखाली बसत, आणि बाई एकेका लेकराला खांद्याला धरून पुढे घेत व त्याची वर्षाची बातमी सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगत.

"योसेफनं यंदा आंघोळीले रडनं सोडलं."

"मार्थानं नाताळच्या नाटकात मेंढराचं काम केलं. एकडावबी उभी राह्यली नाई."

आणि प्रत्येकाच्या शेवटी ठरलेलं वाक्य : "वर्ष वाया नाई गेलं, दादा. घ्या तुमचं लेकरू."

बाप लेकराला असं गाडीत चढवी, जसं काही ते विलायतेहून आलंय. गावातले कापडवाले चाचा तर, त्यांचा मुलगा रोज पायी घरी जात असूनही, त्या दिवशी दुकान बंद करून बातमी ऐकायला येऊन बसत. एकदा बाईंनी माझीही बातमी सांगितली : "मास्तरची छडी हरपली, आन त्यायनं नवी घेतली नाई." छडी बाईंनीच चुलीत घातली होती, हे बातमीत आलं नाही.

त्या वर्षी नवे फादर आले. मंगळूरकडचे, तरुण, कडक इस्त्रीचे. पुस्तकातून शिकलेली त्यांची मराठी आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना दबकायला लावी. त्यांनी बाईंची तऱ्हा कुणाकडून तरी ऐकली आणि बाईंना बोलावून घेतलं. "बाई, पालकांना सत्य कळले पाहिजे. या वर्षी निकाल मी वाचीन. बातमी नको."

"हाव, फादर," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात मुलींच्या वेण्या सैल पडू लागल्या, तेव्हाच मी ओळखलं की बाईंचं काही खरं नाही.

त्यांच्या जिवाला घोर लागला होता तो चौथीतल्या सलोमीचा. तिचा बाप दानियल मेहकरकडचा शेतकरी, भरघोस मिशांचा आणि दिल्या शब्दाचा माणूस. नाताळात भेटायला आला तेव्हाच तो सांगून गेला होता : "पास झाली तं शिकू देईन. नाई झाली तं घरी नेतो. चिखलीचे पाहुने इचारून राह्यले, लगन लावून टाकतो." आणि सलोमी गणितात गेली होती. अशी गेली होती की, हात देऊन वर काढावी म्हटलं तरी तिचा हात कुठे लागत नव्हता.

सुटीचा दिवस उजाडला. फादरांनी स्वच्छ आवाजात निकाल वाचला. पास, पास, नापास, पास. निंबाखाली कोणी हसलं नाही. "सलोमी दानियल, नापास," हे ऐकल्यावर दानियल उठला, पोरीची पेटी खांद्यावर घेतली आणि बैल जुंपायला निघाला. सलोमी खाली मान घालून मागे.

बाई जाऊन बैलांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"दानियलभाऊ, निकाल फादरनं सांगतला. बातमी राह्यली."

फादरांनी तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"गोवर आला तवा हे पोरगी लहान्या पोरीयच्या उशापाशी बसून राह्यली. त्यायले वाचून दाखोलं, पेज पाजली. चार अक्षरं येत नव्हती त्या पोरी आता हिच्यामुळं वाचून राह्यल्या."

"ते सारं पोरगी घरीबी करन, बाई," दानियल शांतपणे म्हणाला. "पास काऊन नाई झाली, ते सांगा."

आता बाई काय म्हणतील याची मला उत्सुकता होती. चौथी पक्की करायची ठरवली, वगैरे. पण बाई म्हणाल्या, "नापास झाली म्हनून नाई झाली."



"मीबी चौथीत नापास झाली होती. दोनदा. मोठ्या दुष्काळात मले कोनीतरी या फाटकापाशी ठेवून गेलं. दर सुटीले गाड्या येत, पोरी जात, आन मी इथंच. म्हनून मी पुन्हा बसली, पास झाली, मास्तरीन झाली. मले न्याले कोनी आलं नाई म्हनून मी शिकली, भाऊ. हिले न्याले बाप आला, म्हनून हिनं शिकू नये काय?"

इतकी वर्षं मी बाईंसोबत काम केलं, पण त्या मूळच्या कुठल्या हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या शाळेबरोबरच आल्या असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

दानियलने पेटी खाली ठेवली. बराच वेळ तो बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं. जूनमंदी आनून सोडतो. पाहुन्यायले नाई म्हनून सांगतो."

"वर्ष वाया नाई गेलं," बाई म्हणाल्या, पण नेहमीचा आवाज काही निघाला नाही. त्या वळून चालू लागल्या.

"बाई," दानियलने मागून विचारलं, "आताबी सुटीत तुमाले न्याले कोनी येत नाई?"

"कोन येईन?"

"मी आलो ना. बसा गाडीत. घरी माही माय हाये, तिले कोनी बोलाले लागते."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फादरांकडे. "माह्या कोंबड्या हायेत इथं."

"मास्तर पायतीन," दानियल म्हणाला. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी जोरजोराने मान हलवली. कोंबड्यांशी माझं काडीचं जमत नाही.

बाई खोलीत गेल्या आणि लहानसं बोचकं घेऊन जवळजवळ धावतच परत आल्या, गाडी निघून जाईल की काय अशा भीतीने. सलोमीने हात दिला. बाई गाडीत चढल्या आणि पदर नीट करून बसल्या. फादर पुढे आले. इस्त्रीची घडी जरा मोडली होती, आणि डोळे ओले होते. "कुठे निघालात, बाई?" त्यांनी विचारलं.

"घरी चालली, फादर," बाई हळूच म्हणाल्या. "मले न्याले आले."