वाचलेला वेळ आणि त्याचे वाटप

आमच्या सोसायटीच्या सभा लवकर आटपू लागल्या, आणि त्यातून वाचलेला वेळ गच्चीवरच्या जुन्या टाकीत साठू लागला. सांगलीत विश्रामबागेला आमची सौहार्द सोसायटी आहे, सोळा फ्लॅटची, तीन मजली, बिनलिफ्टची. टाकी म्हणजे ती काळी प्लास्टिकची. सिमेंटची नवी बांधली तेव्हा ही भंगारात द्यायचं ठरलं होतं, पण कोणत्या भंगारवाल्याला द्यायची यावर एकमत होईना, म्हणून ती राहिली.

पूर्वीच्या सभा कशा असत ते सांगायला हवं. सहाची सभा साडेसातला सुरू व्हायची. पहिला तासभर मागच्या सभेत कोण कुणाला काय म्हणालं यावर वाद चालायचा. मग चहा, मग पार्किंग, मग कुणीतरी चिडून उठून जायचं आणि त्याला समजावून आणायला दोघं जायची, ती दोघंही परत यायची नाहीत. आमचे अध्यक्ष मगदूमकाका खुर्चीत डुलक्या काढत आणि मध्येच जागे होऊन 'मंजूर' म्हणत. मी समितीवर आले ती निवडणुकीच्या सभेला गैरहजर होते म्हणून. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली बाई, एकटी राहते, हिला काय उद्योग, असं म्हणून लोकांनी माझं नाव घातलं. दांडेकरबाईंना, म्हणजे मला, विचारायला हवं, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग मोकाशी सेक्रेटरी झाले. हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे माणूस मापात राहणारा. पुण्याला 'परिणामकारक सभा' नावाचं एक दिवसाचं शिबिर झालं, त्याला ते पदरमोड करून जाऊन आले आणि येताना एक टायमर घेऊन आले. प्रत्येक विषयाला ठरावीक वेळ, प्रत्येक माणसाला दोन मिनिटं, चहा शेवटी. पहिली तशी सभा इतक्या लवकर संपली की लोकांना घरी जायचा धीर होईना. बराच वेळ सगळे जिन्यातच घुटमळत होते.

तीन-चार महिन्यांनी आमचे वॉचमन भीमराव माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, वरच्या जुन्या टाकीत कायतरी साठलंय. पाणी न्हाई ते."

मोकाशींनी वर जाऊन तपासणी केली. रंग नाही, वास नाही, हाताला कोमट. हात आत घातला की मनगटावरचं घड्याळ थांबतं, बाहेर काढला की चालू होतं. बादलीभर काढलं तर साधारण एक तास भरतो. पुढच्या सभेत त्यांनी हे सगळं वाचून दाखवलं, 'संस्थेच्या मालमत्तेत वाढ' या विषयाखाली, आणि सभेनं त्याची नोंद घेतली. कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. वाचवलेलं कुठंतरी साठणारच, असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं.

प्रश्न आला तो वाटपाचा. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, आम्ही मेंटेनन्स चौरस फुटावर भरतो तर वेळही चौरस फुटावर मिळाला पाहिजे. लहान फ्लॅटवाले म्हणाले, सभेत बसताना तुम्ही काय जास्त चौरस फूट बसता? या एका विषयावर मोकाशींचा टायमर तीन सभांमध्ये वाजला आणि तिन्ही वेळा विषय पुढच्या सभेवर गेला. मध्ये चौगुलेवहिनींनी मुलाच्या बारावीच्या गणिताच्या पेपरासाठी परस्पर वाटीभर वेळ नेला, त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. मुलगा पास झाला, पण वहिनी अजून समितीशी बोलत नाहीत. तेव्हापासून टाकीला कुलूप होतं आणि किल्ली मोकाशींकडे.

तळमजल्यावर हेरवाडे राहत. वसंतराव आणि कुमुदवहिनी, एकोणीस वर्षांपासून भाड्यानं. वसंतराव माणूस असा की जिन्यातला दिवा गेला तर समितीला कळायच्या आत यांनी बदललेला असायचा. गेल्या श्रावणात त्यांनी अंथरूण धरलं ते काही सोडलं नाही. एका दुपारी कुमुदवहिनी माझ्या दारात आल्या. पायात चप्पल नव्हती.

"डॉक्टर म्हणतायत संध्याकाळ निघायची नाही," त्या म्हणाल्या. "पोरगी मस्कतहून निघालीया, वैशू. मुंबईत उतरली, गाडी केली, पण रस्त्याला कुठं तरी अडकलीय. दोन तास कमी पडतायत बघा बाई. सारखं दाराकडं बघतायत हे. टाकीतलं दोन बादल्या मिळेल का हो?"

मी त्यांना घेऊन तशीच मोकाशींकडे गेले. मोकाशींनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक त्यांना फार बोलले. त्यांनी खिशातून किल्ली काढली, हातात धरली आणि म्हणाले, "माझं स्वतःचं असतं तर आत्ता काढून दिलं असतं, वहिनी. पण मालमत्ता सगळ्यांची. उद्या कुणी विचारलं तर? एक काम करतो. तातडीची सभा लावतो. विषय एकच. वीस मिनिटांत ठराव करतो आणि बादल्या मी स्वतः आणतो."

वीस मिनिटं काही फार नव्हती. मलाही ते पटलं, आणि ते मला का पटलं याचं वाईट वाटणं अजून जात नाही.

सभा खाली पार्किंगमध्ये भरली. एरवी घरोघरी बोलवायला जावं लागतं, त्या दिवशी सगळे आले. कुमुदवहिनी बसल्या नाहीत, आपल्या दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या, म्हणजे आतलाही आवाज ऐकू येईल आणि आमचाही. मोकाशींनी टायमर लावला.

ठराव नको असं एकही माणूस म्हणाला नाही. उलट प्रत्येकाला पाठिंबा द्यायचा होता, आणि तो नीट द्यायचा होता. शिंत्रे म्हणाले, माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण हेरवाडे भाडेकरू आहेत, सभासद नाहीत, तेव्हा मूळ मालकाची संमती घेतलेली बरी, उद्या त्यांनाच त्रास नको. मालक खोत पुण्याला. त्यांना फोन लावला, स्पीकरवर घेतला. खोत म्हणाले, "अवश्य द्या हो, देवमाणूस आहे. फक्त ते माझ्या फ्लॅटच्या वाट्यातून वजा होणार का, तेवढं सांगा." मग वाटा चौरस फुटावर धरायचा की समान, हे आलंच. इथं टायमर वाजला.

मोकाशी म्हणाले, "वेळ संपला. मतदान घेऊ." पण तिसऱ्या मजल्यावरचे मजलेकर उभे राहिले. त्यांची आई गेल्या वर्षी गेली होती. म्हणाले, "मी अडवत नाही. पण माझ्या आईच्या वेळीही टाकीत होतं. मला कुणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही. एवढी एक नोंद घ्या." नोंद कोणत्या शब्दांत घ्यायची यावर बोलणं सुरू झालं. माणसाच्या आईचा प्रश्न, त्याला गप्प कोण बसवणार? मोकाशींनी टायमर उलटा करून खुर्चीखाली ठेवला.

तेवढ्यात भीमराव जिन्यावरनं धावत खाली आले. "साहेब, टाकी खाली चाललीया! घंटी वाजल्याधरनं खाली चाललीया, ठोकून बघितली मी!"

सभा जितकी लांबत होती, तितका वेळ वरून जात होता. हे सरळच होतं, पण यापूर्वी मोकाशींनी एकही सभा टायमरपुढे जाऊ दिली नसल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी ओरडले, "बंद करा सभा! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"ठराव झाल्याशिवाय कशी बंद करणार?" शिंत्रे म्हणाले. "मग तर काहीच देता येणार नाही."

"आणि भीमरावांचं म्हणणं विषयपत्रिकेत नाही," दुसरं कुणीतरी म्हणालं. "तातडीच्या सभेत एकच विषय घेता येतो." यावर मगदूमकाका, जे संपूर्ण वेळ जागे होते, म्हणाले की अध्यक्षांच्या परवानगीनं घेता येतो. परवानगी आधी द्यायची की नंतरही चालते, हे पोटनियमात पाहायला मोकाशींची मुलगी वर पुस्तक आणायला गेली. चौकटीतून कुमुदवहिनी म्हणाल्या, "आवरा की हो." फार हळू म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळेच एकदम, एकमेकांना, आवरा असं सांगू लागले. त्यातही काही वेळ गेला.

पार्किंगमधले दिवे लागले तेव्हा ठराव झाला. 'हेरवाडे कुटुंबास संस्थेच्या साठ्यातून दोन तास विनामूल्य देण्यात यावेत.' सूचक दांडेकर, अनुमोदक मजलेकर, एकमताने मंजूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोकाशी बादल्या घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत गेले, मागून मी.

टाकीचा तळ दिसत होता. भीमरावांनी ती आडवी केली, कडेकडेनं निथळू दिली, तेव्हा एक तांब्या भरला. मोकाशींना तो धरवेना, म्हणून तो मी खाली नेला.

कुमुदवहिनींनी तो चमच्याचमच्यानं पाजला. वसंतरावांनी डोळे उघडले. आवाज खणखणीत नव्हता, पण कळत होता. "वैशू कुठवर आली?"

"पेठनाक्याला आलीया," वहिनी म्हणाल्या. "आलीच."

"बाहेर एवढी माणसं का जमलीत?"

"तुमच्यासाठी मीटिंग होती."

"असं होय," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग ते दाराकडं बघत राहिले आणि तांब्यातलं होतं तेवढं सरलं.

वैशाली आली तेव्हा आम्ही खुर्च्या उचलत होतो. खुर्च्यांमधून वाट काढत ती आत गेली.

यानंतर सोसायटीत सहा महिने कुणी कुणाशी धड बोललं नाही. पण ठराव होता तसाच होता. मंजूर ठराव अमलात आला नाही तर ऑडिटला शेरा येतो, आणि ठरावात 'कुटुंबास' असा शब्द होता, म्हणजे वहिनींना ते दोन तास द्यायचे राहिलेच होते. मोकाशींनी पुन्हा वेळ साठवायला घेतला. आता त्यांना टायमर लावावा लागत नसे. लोक यायचे, माना डोलवायचे, जायचे. चहा कुणी घेत नसे. दोन बादल्या भरायला फाल्गुन उजाडला.

एका रविवारी आम्ही त्या पोहोचवायला गेलो. मोकाशी, मगदूमकाका, मी आणि बादल्या धरून भीमराव. कुमुदवहिनींनी दार उघडलं. मोकाशींनी उंबऱ्याबाहेर उभं राहून ठराव वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मगदूमकाकांनी वाचलं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. बादल्यांकडं पाहिलं. "दोन तास?"

"पूर्ण दोन, वहिनी. मी मापून घेतलेत."

"वैशू गेली परत. इथं माझी एक दुपार सरता सरत नाही, मोकाशी," त्या म्हणाल्या. "हे आणि कुठं ठेवू मी?"

मोकाशींनी ठरावाच्या कागदाची घडी घातली. मगदूमकाका म्हणाले, नको असेल तर परत घेण्याचा ठराव, आणि तिथंच थांबले.

वहिनींनी पोचपावतीवर सही केली. मग बादल्या भीमरावांकडून आत घेतल्या, कॉटजवळ ठेवल्या, आणि एकीचं झाकण स्वतःच काढलं. "बसा की सगळी. भीमराव, तुम्हीपण या आत." आम्ही बसलो. त्यांनी चहा टाकला आणि ओट्याशी उभ्या उभ्या वसंतरावांबद्दल सांगायला सुरुवात केली. लग्न ठरलं तिथपासून, कुरुंदवाडच्या घरातल्या म्हशीपासून, कोण कुणाचा मेहुणा, कुणी कुणाला कधी काय म्हटलं, सगळं. मध्येच दुसरीकडे जात होत्या, परत येत होत्या, आणि बादलीतलं हळूहळू खाली जात होतं. मोकाशी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मुद्द्यावर या, असं वहिनींना कुणी म्हणालं नाही.